प्रीएक्लॅम्पसियानंतरचे हृदय

गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे रक्तदाब वाढून इतर अवयवांवरही परिणाम करणारा विकार, झालेल्या बहुतेक बायकांना घरी सोडताना जे सांगितले जाते त्याचा गोषवारा असा असतो, की बाळ झाले, वार पडली, आता रक्तदाब हळूहळू उतरेल आणि काळजीचे कारण उरलेले नाही. यातला शेवटचा भाग सोडला तर बाकीचे बरोबर आहे. प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या स्त्रीला पुढच्या आयुष्यात कायमचा उच्च रक्तदाब, हृदयविकाराचा झटका, हृदयाची क्षमता घटणे आणि पक्षाघात यांचा धोका इतर स्त्रियांपेक्षा जास्त असतो, हे वैद्यकशास्त्राला गेली वीसेक वर्षे तरी चांगले ठाऊक आहे. ज्या बाईचा प्रश्न आहे तिला मात्र ते क्वचितच ठाऊक असते.

मलाही ते कोणी सांगितले नव्हते. माझ्या बाळंतपणाच्या वेळी चौतिसाव्या आठवड्यात रक्तदाब १६०/११० च्या वर गेला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि तातडीने सिझेरियन करावे लागले. घरी जाताना हातात पडलेल्या कार्डाची एक संपूर्ण बाजू बाळाची होती: वजन, रक्तगट, लसींच्या तारखा, त्यांच्यापुढे खूण करायला चौकोन. दुसऱ्या बाजूला टाक्यांची काळजी, लोहाच्या गोळ्या आणि अगदी तळाशी घाईच्या अक्षरात 'बीपी नॉर्मल' एवढेच. सहा आठवड्यांनी दाखवायला गेले तेव्हा टाके पाहिले, दूध पुरते का ते विचारले, कुटुंबनियोजनाचे बोलणे झाले आणि फाईल बंद झाली. पुढे काही वर्षांनी मी वेगळ्याच तक्रारीसाठी एका फिजिशियनकडे गेले असता त्यांनी गरोदरपणाचा इतिहास विचारला, आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळले की त्या आठवड्यांचा माझ्या हृदयाशी काही संबंध आहे. त्यानंतर मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले ते इथे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांबरोबरच व्हावेत.

प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाणे, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट, मेंदू यांपैकी कशावर तरी परिणाम दिसणे. जगभरात शंभर गरोदरपणांपैकी साधारण दोन ते आठ गरोदरपणांत हा विकार होतो, म्हणजे तो दुर्मीळ अजिबात नाही. तो सुरू कसा होतो हे समजले की हृदयाचा संबंध आपोआप उलगडतो. गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी धमन्यांमध्ये शिरतात आणि त्या धमन्या रुंद व सैल करतात, जेणेकरून वाढत्या बाळाला भरपूर रक्त मिळावे. प्रीएक्लॅम्पसियात हे काम बऱ्याचदा अर्धवट राहते. रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात काही प्रथिने जास्त प्रमाणात सोडते, आणि त्यांतले एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर निरोगी ठेवणाऱ्या घटकांना अडवून धरते. अस्तर बिघडले की वाहिन्या आवळतात आणि झिरपू लागतात. मूत्रपिंडात हे झाले की लघवीतून प्रथिने जातात, यकृतात झाले की उजव्या बरगडीखाली दुखते, मेंदूत झाले की डोके ठणकते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

रक्तदाबाचा आकडा हा या सगळ्याचा केवळ बाहेरून दिसणारा भाग आहे. मूळ दुखणे रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे आहे, आणि पुढे जाऊन हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर बसण्याची सुरुवातही अस्तर बिघडण्यापासूनच होते. वार बाहेर पडल्यावर ती प्रथिने काही दिवसांत उतरतात हे खरे, पण अस्तर दर वेळी पूर्ववत होतेच असे नाही. काही जणींमध्ये, विशेषतः ज्यांना हा विकार लवकर झाला आणि मुदतीपूर्वी बाळंतपण करावे लागले त्यांच्यामध्ये, वर्षभरानंतरच्या टू-डी इकोतही हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत किंचित जाड झालेली किंवा हृदय सैल पडण्याची क्रिया मंदावलेली आढळते. त्या बाईला मात्र कसलाही त्रास जाणवत नसतो.

आता आकडे. २००७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात चौतीस लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती आणि त्यांतल्या जवळपास दोन लाख जणींना प्रीएक्लॅम्पसिया झालेला होता. या स्त्रियांमध्ये पुढे उच्च रक्तदाब होण्याचे प्रमाण इतरांच्या साडेतीन पटींहून जास्त, हृदयाच्या धमन्यांच्या विकाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आणि पक्षाघाताचे प्रमाण पावणेदोन पटींहून थोडे जास्त निघाले. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका आढाव्यात हृदय निकामी होण्याचा धोका चौपट आढळला. मुदतीपूर्वीच्या प्रीएक्लॅम्पसियाचे चित्र आणखी गंभीर आहे: नॉर्वेच्या जन्मनोंदणीवर आधारलेल्या २००१ च्या अभ्यासात, प्रीएक्लॅम्पसिया होऊन मुदतीपूर्वी प्रसूत झालेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका, प्रीएक्लॅम्पसिया नसलेल्या आणि पूर्ण दिवसांनी प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत आठपट होता. त्याच देशातल्या २००८ च्या अभ्यासात मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोकाही सुमारे पाचपट दिसला.

हे पट वाचून घाबरणे साहजिक आहे, म्हणून ते कशाच्या पट आहेत तेही पाहायला हवे. तिशीतल्या निरोगी बाईला येत्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता मुळातच फार थोडी असते, आणि थोड्याची दुप्पट ही थोडीच राहते. मूत्रपिंडाच्या पाचपटीचेही तसेच: मूळ प्रमाण लाखात मोजावे इतके कमी आहे. पण जगभरात स्त्रियांच्या दर तीन मृत्यूंपैकी जवळपास एक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने होतो. आयुष्यभराच्या हिशेबात दुप्पट म्हणजे काय, ते तिथे लक्षात येते.

शिवाय रक्तदाबाच्या बाबतीत वाट फार पाहावी लागत नाही. डेन्मार्कमधल्या स्त्रियांवरचा २०१७ चा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. पहिल्या गरोदरपणात, विशीत असताना, रक्तदाबाचा विकार झालेल्या स्त्रियांपैकी १४ टक्के जणींना बाळंतपणानंतरच्या दहा वर्षांतच कायमचा उच्च रक्तदाब जडला. ज्यांचे गरोदरपण सुरळीत गेले अशा विशीतल्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ४ टक्के होते. चाळिशीत पहिले मूल झालेल्यांमध्ये ते अनुक्रमे ३२ आणि ११ टक्के होते. म्हणजे विशीत प्रीएक्लॅम्पसिया झालेली बाई तिशी-पस्तिशीत, मुलांच्या शाळा आणि स्वतःची नोकरी यांच्या धबडग्यात असताना, रक्तदाबाची रुग्ण झालेली असू शकते. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, त्यामुळे कोणी मोजला नाही तर तिला ते कळणारही नाही.

डॉक्टर मंडळी गरोदरपणाला हृदयाची स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ताण देऊन घेतलेली परीक्षा, म्हणतात. या काळात शरीरातल्या रक्ताचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते, हृदयाला दर मिनिटाला तीस ते पन्नास टक्के अधिक रक्त ढकलावे लागते, आणि ज्या शरीरात रक्तदाबाचा, मधुमेहाचा किंवा चरबीच्या चयापचयाचा कल आधीच दडलेला असतो ते या ताणाखाली लवकर उघडे पडते. ही तुलना समजायला सोपी आहे, तरी मला ती अर्धीच पटते. परीक्षा संपल्यावर परीक्षार्थी होता तसाच राहतो, इथे परीक्षाही शरीरावर खूण ठेवून जाते. आधीचा कल किती आणि नंतरची इजा किती, याची वाटणी बाईगणिक वेगळी असणार. प्रत्यक्ष व्यवहारात त्याने फरक पडत नाही, कारण दोन्ही परिस्थितींत पुढे करायचे तेच असते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती सांगितली नाही तर पुढचा सगळा मजकूर बाईच्या अंगावर दोषारोपासारखा येतो. प्रीएक्लॅम्पसिया जास्त काम केल्याने, चिडचिड केल्याने किंवा खारट खाल्ल्याने होत नाही. अंथरुणाला खिळून राहिल्याने किंवा मीठ तोडल्याने तो टळत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना या दोन्ही गोष्टी त्याच्या प्रतिबंधासाठी सुचवत नाही. पहिलेच गरोदरपण, जुळी, आधीचा रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, लठ्ठपणा, चाळिशीचे वय, आईला किंवा बहिणीला झालेला प्रीएक्लॅम्पसिया या गोष्टींनी शक्यता वाढते. पण यांपैकी काहीही नसलेल्या बाईलाही तो होतो.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचे आहेत. वार पडताक्षणी रक्तदाब खाली येतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकदा तो बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमाराला सर्वांत वर जातो, म्हणजे नेमका बाई घरी पोचलेली असते तेव्हा. म्हणूनच अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की तीव्र स्वरूपाचा विकार झालेल्या बाईचा रक्तदाब ७२ तासांच्या आत आणि इतरांचा सात ते दहा दिवसांत पुन्हा तपासावा. सहा आठवडे वाट पाहू नये. तीव्र डोकेदुखी, नजरेत अडथळे, बरगडीखाली दुखणे, १६०/११० किंवा त्याहून वरचा आकडा यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण या विकारातले फिटचे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. उताणे झोपल्यावर धाप लागणे, उशा वाढवाव्या लागणे, पायांची सूज उतरण्याऐवजी चढणे या तक्रारी 'बाळंतीण आहे, थकली असेल' म्हणून सोडून देऊ नयेत. बाळंतपणाच्या आगेमागे हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा एक विकार असतो आणि प्रीएक्लॅम्पसिया झालेल्यांत तो जास्त दिसतो.

याच आठवड्यांबद्दल ऑक्सफर्डमध्ये झालेला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाबाची औषधे चालू असताना घरी गेलेल्या २२० बाळंतिणींपैकी निम्म्या जणींनी घरी रोज रक्तदाब मोजून तो फोनवरून डॉक्टरांना कळवला आणि त्याप्रमाणे औषधांचे प्रमाण बदलले गेले. उरलेल्यांना नेहमीचीच देखभाल मिळाली. नऊ महिन्यांच्या आसपास, जेव्हा बहुतेकींची औषधे केव्हाच थांबली होती, तेव्हा पहिल्या गटाचा चोवीस तासांचा सरासरी खालचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा जवळपास सहा अंकांनी कमी होता, आणि हृदयाच्या रचनेतही फरक दिसला. औषधे थांबल्यावरही लाभ टिकला, याचा अर्थ असा लावता येतो की त्या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तवाहिन्या आणि हृदय सावरत असतात आणि त्या वेळी त्यांच्यावरचा भार हलका ठेवला तर ते अधिक चांगले सावरतात. मला या एका प्रयोगाने जितका धीर दिला तितका 'आनंदी राहा' या सल्ल्याने कधी दिला नव्हता.

घरी रक्तदाब मोजणे सोपे असते असे सगळे म्हणतात, पण त्यात चुकण्यासारखे बरेच आहे. दंडावर बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटावरचे नको; आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा, कारण जाड दंडावर लहान पट्टा आवळला तर आकडा खोटाच वर जातो. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी किंवा धावपळ नको, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. दंड हृदयाच्या पातळीला, टेबलावर टेकलेला असावा, आणि पट्टा बाहीवर नव्हे तर उघड्या दंडावर असावा. सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असे आठवडाभर मोजून सरासरी काढावी. मांडीवर रडणारे मूल घेऊन घेतलेला आकडा लिहूच नये. माझ्या वहीत असे आकडे आहेत आणि त्यांच्यापुढे मी फुली मारलेली आहे. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वरची सरासरी ही डॉक्टरांकडे जाण्याची वेळ समजतात, दवाखान्यातल्या १४०/९० ची नव्हे. दवाखान्यात नेमका नीट आणि घरी वाढलेला रक्तदाब असणाऱ्या बायका कमी नाहीत. प्रीएक्लॅम्पसियानंतर काही जणींचा रात्रीचा रक्तदाब जितका उतरायला हवा तितका उतरत नाही, आणि तो चोवीस तासांच्या यंत्रानेच कळतो.

मोजणीखेरीज वर्षातून एकदा रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर यांची नोंद, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने साखर किंवा एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम) आणि लघवीतली प्रथिने, एवढ्या तपासण्या पुरतात. सगळ्यांनीच उठून अँजिओग्राफी करून घेण्याचे काही कारण नाही. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद, आठवड्याला दीडशे मिनिटे दम लागेल असे चालणे, आहारात मीठ बेताचे, वजनावर लक्ष, हा उपदेश सर्वांना पाठ आहे आणि तो बरोबरही आहे. तान्हे मूल असलेल्या बाईला तो करताना तिच्या झोपेचे काय, हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही. जमत असेल तर स्तनपानाचाही आईच्या हृदयाला थोडा लाभ होतो असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. जमले नाही तर त्याचे ओझे घेऊ नये.

खरी अडचण माहितीच्या अभावाची नाही, ती दोन दारांमधल्या मोकळ्या जागेची आहे असे माझे मत झाले आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने बाळ आणि बाळंतीण सुखरूप घरी गेली की काम झाले. फिजिशियन वडिलांना झटका आला होता का ते विचारतात, सिगारेटचे विचारतात, पण गरोदरपण कसे गेले ते विचारत नाहीत. दहा वर्षांचा धोका सांगणारी गणिते वयाला इतके वजन देतात की पस्तिशीतल्या बाईचा आकडा जवळपास नेहमीच कमी येतो, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या नव्या गणितातही प्रीएक्लॅम्पसियासाठी रकाना नाही. त्याच संघटनेने २०११ मध्येच प्रीएक्लॅम्पसियाला स्त्रियांच्या हृदयविकाराच्या जोखमीच्या यादीत घेतले होते, आणि २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात, औषध द्यावे की नाही अशा सीमारेषेवरच्या प्रसंगी धोका वाढवणारा घटक म्हणून तो विचारात घ्यावा असे म्हटले आहे. म्हणजे यादीत तो आहे, पण समोरच्या माणसाला ठाऊक असेल तरच त्याचा उपयोग.

बायकांच्या हृदयविकाराच्या लक्षणांबद्दल थोडक्यात: छातीत दुखणे हेच सर्वांत नेहमीचे लक्षण बायकांतही असते, पण त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी धाप, मळमळ, जबड्यात, मानेत किंवा पाठीत दुखणे, अनाकलनीय थकवा असे काही असण्याची शक्यता त्यांच्यात अधिक असते. तरुण बाई अशी तक्रार घेऊन आली की ती बऱ्याचदा पित्त किंवा चिंता या सदरात टाकली जाते. अशा वेळी 'मला गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया झाला होता, ईसीजी काढावा' असे स्पष्ट म्हणण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

गर्भनिरोधक निवडतानाही हा इतिहास सांगावा. रक्तदाब वाढलेला असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळाव्या लागतात. तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉन असलेले पर्याय असतात. पुढचे मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीच भेट घ्यावी, कारण रक्तदाबाची काही औषधे, उदाहरणार्थ एनालाप्रिलच्या गटातली, स्तनपानात चालतात पण गरोदरपणात चालत नाहीत. दुसऱ्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहा-सातांत एक असते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केल्यास ती कमी होते: २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर मुदतीपूर्वीच्या प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. गरोदर नसताना मात्र हृदय जपायचे म्हणून ही गोळी स्वतःहून चालू ठेवू नये.

बाळंतपणाची जुनी कागदपत्रे घरात कुठेतरी असतात तोवर त्यांतून एक पान तयार करून ठेवावे आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवावा. कोणत्या वर्षी आणि कितव्या आठवड्यात प्रसूती झाली, रक्तदाब जास्तीत जास्त किती गेला, लघवीतली प्रथिने, प्लेटलेट आणि यकृताचे आकडे काय होते, फिटचे झटके आले होते का, ते रोखण्यासाठी मॅग्नेशियम द्यावे लागले का, कोणती औषधे घेतली आणि ती कधी थांबली, एवढे त्यात असावे. बाळाचे जन्मवजनही लिहावे. एका डॉक्टरांनी मला विचारले होते की हृदयाच्या कागदावर बाळाचे वजन कशाला. ते एवढ्यासाठी, की वाढ खुंटलेले बाळ हे वारेचा रक्तपुरवठा किती बिघडला होता याची खूण असते, आणि अशा बाळांच्या आयांचा पुढचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळलेला आहे.